पिस्टनला खोबरेल

कुंभकोणम आणि पितळ म्हटल्यावर तुम्ही लगेच कॉफीचा डबरा, म्हणजे ती पितळी वाटी, नाकाशी धरला ना? ठेवा खाली. मी सांगतोय युफोनियमबद्दल. बँडमधला बिगुलाचा खाऊनपिऊन सुखी मामा तो: पोट मोठं, आवाज जाड, वर तीन पिस्टन.

शाळेच्या बँडात मी झांजा बडवायचो. वाजवणारा दहावी होऊन गेला, तसा युफोनियम माझ्या गळ्यात आला. बँडमास्तरांनी बजावलं, "सव्वीस जानेवारीच्या परेडला चुकलास, तर परत झांजा."

आदल्या दिवशी वाद्य घासायला घरी आणलं. अम्मानं चिंच दिली, मी समईसारखं लखलखवलं. पिस्टनला तेल लागतं एवढं ठाऊक होतं. कुठलं, ते नव्हतं. मग डोक्याला लावायचं घातलं.

आता आमच्याकडची थंडी म्हणजे काय, तर खोबरेल गोठतं. अम्मा सकाळी बाटली उन्हात ठेवते, तेव्हा कुठं आमच्या वेण्या आणि भांग होतात. हे सबंध गावाला माहीत. मलाही. पण आठवलं कधी? मैदानावर पिस्टन दाबला आणि तो अर्ध्यातच बसला, तेव्हा! फुंकलं, तर नुसती हवा.

ढोल सुरू झाला. माझ्यामागं पहिलीतली पोरं. त्यांचं डावं-उजवं माझ्या आवाजावर चालायचं. मास्तर पुढं, पाठमोरे. हेडमास्तरांचा खोकला, तिरुविडैमरुदूरच्या बसचा हॉर्न, सगळे आवाज मी हुबेहूब काढायचो. तिथं युफोनियमची काय कथा! गाल फुगवले आणि तोंडानंच सुरू केलं, "पों पपों! पों पपों!"

अख्खं मैदान फिरलो. एकाही पोराचा पाय चुकला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाद्याचा इतका गोल आवाज नंतर कुणी काढला नाही. मीसुद्धा नाही.

मास्तर हसत आले. "डेय, आज सूर फर्स्ट क्लास! दे बघू." पिस्टन दाबला. वर येईना. बोट हुंगलं.

"तंबी, हे काय?"

"खोबरेल, सार."

"मग वाजलं काय?"

मी गाल फुगवून दाखवले.

"गाढवा! आता वेणी घाल त्याची, मोगरा माळ! आणि मी मूर्ख, सगळ्यांना सांगत सुटलो, माझा पोरगा वाजवतोय म्हणून! जा, गरम पाण्यानं धू. संध्याकाळी सरावाला हाच घेऊन ये. आणि या खेपेला आवाज त्याला काढू दे!"