अंगठ्याने खेळलेला डाव

लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर, एक गेम पार्लर आहे. तिथे मी टोकनं देते. सकाळी घोरावाडीहून लोकलने जायचं, शटर उघडायचं आणि गिऱ्हाईक यायच्या आत प्रत्येक मशीनवर एकेक डाव खेळून ते धड चालतंय की नाही बघायचं, हे माझं काम. एरवी मी ते उरकून टाकते. यंदा मात्र एका मशीनवर हट्टाने खेळले.

कारण माझा उजवा हात. माघात बांधावरून घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं इतकी आखडली होती की भाकरी थापायचं राहू द्या, साडीच्या निऱ्या धरता येईनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. त्याचा मला असा कंटाळा यायचा की शेवटी तो कुत्र्याने नेला आणि मी नेऊ दिला.

पण लावणी तोंडावर येत होती. शिरगावच्या अंगाला आमची भाताची खाचरं आहेत. तिथे लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्या बाया आमच्यात, उद्या शेजारच्यांच्यात, आणि प्रत्येक घराने एक माणूस द्यायचं. आमच्या घरचं माणूस मी. शेजारच्या मावशी सावडीत सगळ्यांच्या पुढे असतात. त्यांनी माझा हात बघून निकाल दिला.

“यंदा तू बांधावर बस, चहाचं बघ. अंगठ्यात जोर न्हाई तर रोप तरंगतं बाय. मग ज्याचं खाचर त्याचं नुसकान.”

त्या वाईट बोलल्या नव्हत्या. तरी मला रागच आला. चहा करायला मी काय पाहुणी होते?

तर ते मशीन. पडक्या बंगल्यातून मढी उठून अंगावर येतात आणि केबलला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या बंदुकीने ती पाडायची. तिचा चाप घट्ट, म्हणून तेच मशीन धरलं. सुरुवातीला चाप निम्म्यातच अडकायचा आणि मढी मला खाऊन मोकळी व्हायची. पण खेळाचा एक गुण मानावा लागेल, तो शिकवत बसत नाही. बंदूक उचलली की खेळ कळला. मेलात तर लाल बटण दाबा, पुन्हा दारातून आत. चेंडू दाबताना मला कोणी खायला येत नव्हतं. इथे जिवावर बेतायचं आणि बोट आपसूक वळायचं.

दोषही पुष्कळ. बंदूक डावीकडे ओढते, म्हणून नेम थोडा उजवीकडे धरावा लागतो. कपाटामागचं मढं रोज त्याच कपाटामागून येतं, दूधवाल्यासारखं वेळेवर. वाया गेलेल्या गोळ्यांचे गुण कापत नाहीत, म्हणजे नीट नेम धरणाऱ्याला आणि अंदाधुंद झाडणाऱ्याला सारखेच, हे मला मनापासून खटकतं. शेवटचा राक्षस तर काही केल्या पडत नाही. गिऱ्हाइकाने आणखी टोकनं घ्यावीत म्हणूनच तो तिथे बसवलाय, आणि ती टोकनं हसून मीच देते.

सगळ्यात मोठा दोष मला उशिरा कळला. चापावरचं बोट चांगलं वळायला लागलं तेव्हा खुशीत येऊन परसात चिखल कालवला आणि एक रोप खोचून बघितलं. ते आडवं झालं. दुसरंही झालं. रोप चिखलात दाबायचं ते अंगठ्याने, आणि या खेळात अंगठ्याला कामच नाही. तो बंदुकीवर नुसता जावयासारखा बसून असतो. चिखलाच्या हातांनी मी तिथेच रडले.

दुसऱ्या सकाळी बंदूक उलटी धरली, मूठ वर करून, आणि चाप अंगठ्याने ओढायला लागले. नेम पार बिघडला. मढी कुठे आणि माझ्या गोळ्या कुठे!

“ताई, असं कुनी खेळतं व्हय?” झाडू मारणारी बाई म्हणाली.

“मी खेळते,” म्हटलं.

त्या खेळात माझ्याइतके कमी गुण कोणालाच मिळाले नसतील. अंगठा रात्री ठणकायचा, सकाळी मी पुन्हा बंदूक उलटी धरायचे.

लावणीला पहिलं खाचर आमचंच होतं. मावशींनी चहाचं पातेलं बांधावर माझ्यापुढे ठेवलं. मी साडी खोचली, रोपांची मूठ उचलली आणि पातेल्याला वळसा घालून चिखलात उतरले. खाचर आमचं, नुकसान झालं तर आमचं, म्हणून त्यांनी अडवलं नाही. इथे लाल बटण नव्हतं. अंदाधुंद खोचूनही चालणार नव्हतं. मी सावकाश लावत गेले आणि माझी पात, म्हणजे माझ्या वाट्याची रांग, सगळ्यांच्या मागे राहिली. माझी रांग अर्धी असतानाच बाकीच्यांचा चहा झाला.

आदल्या दिवशीच्या खाचरात काय तरंगलंय, हे मावशी दुसऱ्या सकाळी बघून येतात. मी त्यांच्या आधीच जाऊन उभी होते.

“तुजी पात कंची?”

मी दाखवली. त्या वाकल्या, एका रोपाचा शेंडा धरून ओढला. रोप आलं नाही. चार पावलं पुढे जाऊन दुसरं ओढलं. तेही आलं नाही. मग त्यांनी पाटात हात धुतले.

“चल, आता आमच्यात,” त्या म्हणाल्या. “चहाला सून हाय.”