घरी जाऊन दिली

त्या साली माझ्या पायाला भिंगरी लागली होती. मी तालुक्याच्या कोर्टात बेलिफ. पक्षकाराच्या घरी जायचं, नोटीस हातात द्यायची, पोच म्हणून सही घ्यायची आणि परत येऊन कागदावर शेरा मारायचा : ‘घरी जाऊन दिली’. आधी आम्ही चौघं होतो. मग वरून काटकसरीचा कागद आला. जीप बंद, प्रवासभत्ता अडकलेला, आणि जो निवृत्त होईल त्याची जागा भरायची न्हाई. मी एकटा उरलो. पुकारा करणारा शिपाई गेला, त्याचं काम माझ्या गळ्यात. दुभाषी गेला, तेही माझ्याच. आमचा तालुका सीमेच्या कन्नड बाजूला, त्यामुळं आमच्याकडं साक्षीदाराला बाजारापुरतं कन्नड येतं, साक्ष मात्र मराठीतच सुचते. जज्जसाहेब कन्नडात लिहितात, मधी मी. आता कोर्ट म्हणजे मीच झालो की काय, असं चिडून कचेरी सांभाळणाऱ्या शिरस्तेदारांना म्हणालो, तर ते हसले आणि आणखी एक गठ्ठा पुढं सरकवला.

हुलसूरच्या पल्याडच्या गावांना दिवसाला दोन बस. गेलो की दिवस गेला, आणि इकडं अकराला पुकाऱ्याला हजर पाहिजे. कसं जमावं, सांगा की. मग मी बाजार धरला. आमच्या भागात लग्नपत्रिका, औषधाची बाटली, सासरी गेलेल्या लेकीचा निरोप, सगळं बाजाराला आलेल्या माणसाच्या हाती जातं आणि बिनचूक पोचतं. म्हणलं, नोटीस तेवढी न पोचायला काय झालं? गुरुवारी पिशवी घेऊन बाजारात फिरायचो, त्या घरातलाच कुणी जाणता माणूस हेरायचो, सही घ्यायचो. शेरा मात्र तोच मारायचो.

अशीच एका विधवा बाईची नोटीस होती. ती राहते ते दोन खोल्यांचं घर आपलं आहे म्हणून दिरानं दावा लावला होता. तिचा चुलत सासरा मला मिरच्या घेताना भेटला. कपाळभर विभूती, बोलणं मऊ. अण्णा, सुनेला एवढं द्याल का, म्हणून विचारलं. देतो की, म्हणाला आणि कन्नडात झोकदार सही ठोकली. तो दिराच्या बाजूचा आहे हे मला कसं कळावं? गावात गेलो असतो तर पहिल्या पारावरच कळलं असतं.

तारखेला व्हरांड्यात उभं राहून मीच तिचं नाव तीनदा पुकारलं. कुणी आलं न्हाई. पुढच्या तारखाही तशाच गेल्या आणि दिराच्या बाजूनं एकतर्फी निकाल झाला.

मग एक दिवस ती कोर्टाच्या पायऱ्यांवर आली. पदराखाली निकालाची नक्कल. मला म्हणाली, “दादा, कामून मला बोलावलं न्हाई?” मी कागद वाचला आणि आत जाऊन फायलीतली पोच काढली, तर तिच्यावर मिरच्या घेताना ठोकलेली तीच झोकदार सही. नोटीस म्हाताऱ्यानं तिच्यापर्यंत जाऊच दिली नव्हती. तिच्या वकिलानं निकाल रद्द करायचा अर्ज टाकला खरा, पण फायलीत माझा शेरा होता, आणि बेलिफाचा शेरा खराच धरतात. तो टिकला तर तिचं घर गेलं. ताबा घ्यायला जाणारही मीच, तिची भांडी अंगणात काढणारही मीच.

पुढचे पंधरा दिवस मला एका जागी बसवेना. अर्ध्या जेवणावरून उठायचो, चपला घालायचो, दारातच काढायचो. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. बायको म्हणाली, तुमाला कुणी विचारलंय का, गप बसा. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, काटकसर करणाऱ्यांचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त माझा मलाच. जीप त्यांनी बंद केली होती, पण खोटं मी लिहिलं होतं.

अर्जाच्या दिवशी तिचं नाव पुन्हा मीच पुकारलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शेजारी मी, दुभाषी म्हणून. साहेबांनी नोटिशीचं विचारलं, मी ते मराठीत सांगितलं. तिनं माझ्याकडंच बघून उत्तर दिलं, मी तिचं म्हणणं नीट पोचवीन अशा भरवशानं.

“माझ्या दारात कोर्टाचं माणूस कधी आलंच न्हाई.”

साहेब माझ्याकडं बघायला लागले. कन्नडात सांगायला पाच-सहा शब्द, पण माझी नजर टेबलावरच्या फायलीकडं गेली, माझा शेरा तिच्यातच होता. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग मी सांगितलं, जसंच्या तसं. दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नसतं हे ठाऊक असून पुढंही बोललो, कन्नडातच. “ही खरं सांगायलीय, साहेब. तो माणूस मी. मी गेलो न्हाई.” तेवढं कन्नड तिला कळत होतं. ती माझ्याकडं बघतच राहिली आणि मी खाली बघितलं.

निकाल रद्द झाला, दावा पहिल्यापासून सुरू झाला. घर तूर्त तिच्याकडं आहे. माझ्यावर चौकशी लागली, पण चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची जागाही रिकामीच, त्यामुळं चौकशीही लटकलीय आणि मीही.

बाकीच्या जागा अजून भरल्या न्हाईत. बस मिळाली तर बसनं, न्हाईतर कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून मी गावोगाव जातो. पुकारा चुकतो, शिरस्तेदार ओरडतात, ओरडू देत. प्रत्येक दारात मी आधी पाणी मागतो. तहान नसली तरी तांब्याभर पितो. उद्या कोर्टानं विचारलं तर त्या घरातल्या बाईला आठवलं पाहिजे, की हा माणूस आला होता, इथं उंबऱ्यापाशी बसून पाणी प्याला होता.