माझ्या घरचं हळदीकुंकू

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका विरारच्या आमच्या घरी जमल्या आणि धाकट्या नणंदेने माझ्या हातातून कोयरी काढून घेतली. "वहिनी, यंदा तुम्ही नुसत्या बसा. मी लावते."

मला अटॅक्सिया आहे. हातापायांत ताकद आहे, पण त्यांच्या हालचालींचा मेळ घालणारा लहान मेंदू बिघडलाय. चालताना झोकांड्या जातात. अर्नाळ्याच्या बाजारात एका मासेवालीने तर विचारलंच, "सकाळीच घेतली काय गो बाय?" डॉक्टर आपलं बोट समोर धरतात आणि त्याला माझं बोट लावायला सांगतात. माझं बोट दरवेळी भलतीकडेच जातं.

दवाखान्यात ते बोट जाऊ दे कुठेही. पण हे घर माझं, बोलावणं माझं, वाणाची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळीसुद्धा मी स्वतः वटार गावात जाऊन आणलेली. आणि मी काय शोभेची बाहुली होऊन बसू?

"दे इकडे," म्हणत मी कोयरी परत घेतली.

समोर शेजारच्या काकू होत्या. हळद कशीबशी लागली. कुंकवाचं बोट मात्र कपाळाकडे निघालं आणि भुवईवरून घसरत नाकाच्या शेंड्यावर उतरलं. नणंद रुमाल घेऊन धावली.

"खबरदार!" मी म्हटलं. "सवाष्णीचं कुंकू पुसणारेस?"

तिचा हात जागच्या जागी थांबला. काकूंनी नाक तसंच मिरवत वाण घेतलं.

"हं, आता तू ये," मी नणंदेला म्हटलं. "कपाळ पुढे कर."