साखळीचं दुसरं टोक

पृथ्वीच्या पाठीवर अमेरिकन फुटबॉलचा इतिहास मराठीत जगणारा एकच माणूस आहे, तो जपानमधल्या नागोयात राहतो, आणि तो माझा साडू आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. दुसरा कुणी असता तर त्या दोघांनी एकमेकांना केव्हाच शोधून काढलं असतं आणि आम्हाला जरा उसंत मिळाली असती. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. मूळचे सांगलीचे, शिक्षणाने इंजिनिअर, एका मोटार कंपनीत इंजिनं तासन्‌तास फिरवून त्यांची परीक्षा घेणं हे काम. उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे, डोक्यावर एक केस नाही. चेंडू फेकताना त्यांना कुणीही पाहिलेलं नाही. एकदा मैदानाबाहेर आलेला चेंडू त्यांच्या पायाशी थांबला, तेव्हा तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून प्रसाद द्यावा तसा परत केला.

हे वेड लागलं ते जपानला आल्याच्या पहिल्याच वर्षी. कंपनीच्या हौशी संघाची मॅच होती आणि अख्ख्या खात्याने जायचं अशी रीत होती. बाकीचे टाळ्या वाजवत होते आणि भाऊजींना एवढंच कळेना की ही माणसं दर थोड्या वेळाने थांबतात कशाला. न समजलेली गोष्ट तशीच सोडून देणं त्यांच्या स्वभावात नाही. घरी येऊन ते त्या खेळाच्या जन्मापर्यंत मागे गेले आणि आजतागायत परत आलेले नाहीत. पूर्वी हेल्मेट नव्हतं तेव्हा खेळाडू डोक्याला मार लागू नये म्हणून केस वाढवायचे, हे त्यांनी वाचलं. त्यानंतर घरात कुणी केस कापायला निघालं की ते दारात उभे राहतात. त्यांची मुलगी इथेच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर जपानीत देते. तिने एकदा त्यांच्या टकलाकडे नुसतं बोट दाखवलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मी खेळातून निवृत्त झालोय. माझं सामान जमा करून घेतलं."

इतिहास ते पुस्तकात ठेवत नाहीत, घरात वापरायला काढतात. आम्हीही नागोयातच असतो. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत मोदक तळणीचे की उकडीचे यावर दोन तट पडले आणि बोलाचाली वाढली. भाऊजी उठले आणि म्हणाले, "पूर्वी चेंडू पुढे फेकायला बंदी होती. सगळे एकाच ढिगात घुसायचे. पोरं मरायला लागली, शेवटी राष्ट्राध्यक्षांना मध्ये पडावं लागलं. मग नियम बदलला आणि चेंडू हवेतून पुढे जायला लागला. तेव्हा मंडळी, ढिगातून बाहेर या." कुणालाही काही कळलं नाही, पण त्या शांततेत वाद विसरला गेला आणि पेढे आणायचं ठरलं. माझी बायको नवीन आली तेव्हाची गोष्ट आणखी वेगळी. इथल्या सबवेची एक लाइन गोल फिरते. ती त्या लाइनवर नेमकी उलट्या गाडीत बसली आणि रडवेली होऊन फोन करायला लागली. भाऊजींनी तिला भर मॅचमध्ये चेंडू घेऊन आपल्याच गोलाकडे धावत सुटलेल्या एका खेळाडूची कथा सांगितली. त्याच्याच साथीदाराने त्याला रेषेपाशी कसा धरला, मध्यंतरात तो कसा कोपऱ्यात बसून रडला आणि उत्तरार्धात पुन्हा उतरून कसा झकास खेळला, हे सगळं साग्रसंगीत झालं. कथा संपेपर्यंत गाडी गोल फिरून बरोबर स्टेशनावर आली होती.

पण त्यांचं लाडकं प्रकरण म्हणजे हडल. प्रत्येक डावाआधी खेळाडू डोक्याला डोकी लावून गोल करतात, त्याला हडल म्हणतात. हे सुरू झालं कर्णबधिर मुलांच्या कॉलेजात. ती मुलं हातांच्या खुणांनी डाव ठरवायची, आणि समोरचा संघही तसाच असला की त्याला सगळा डाव वाचता यायचा. मग त्यांच्यातल्या एकाने सगळ्यांना गोलात घेतलं, पाठी बाहेर, हात आत. हे सांगताना भाऊजी हातांनीच गोल करून दाखवतात. "जगातला सगळ्यात गोंगाटाचा खेळ," ते म्हणतात, "पण त्यातली सगळ्यात शहाणी युक्ती ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी काढली." आणि हे तत्त्व आम्हालाही लागू होतं. सहलीला निघालो की स्टेशनाच्या मधोमध हडल, कचऱ्याचं वर्गीकरण चुकलं की जिन्यात हडल. जपानी मंडळी आमच्या गोलाला अदबीने वळसा घालून जातात. भाची खाली मान घालून "हाझुकाशी" म्हणत राहते, म्हणजे लाज वाटते.

खेळायचं वय निघून गेल्यावर मैदानात पाय ठेवायची एकच वाट त्यांना सापडली, ती साखळीची. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. ते अंतर दाखवायला सीमारेषेवर दोन माणसं दोन काठ्या धरून उभी असतात आणि काठ्यांमध्ये दहा यार्डांची साखळी असते. हौशी सामन्यांत हे काम स्वयंसेवक करतात. गेली कित्येक वर्षं नदीकाठच्या मैदानावर दर रविवारी एक काठी भाऊजींची. शंका आली की पंच साखळी आत बोलावतात, आणि भाऊजी काठी घेऊन मैदानाच्या मधोमध जातात. तेवढ्या चार पावलांसाठी ते आठवडाभर जगतात, असं मला वाटतं.

या हंगामात पंचांनी "मागे व्हा" म्हणून ओरडून सांगितलं आणि भाऊजी हलले नाहीत. बाहेर फेकला गेलेला एक खेळाडू त्यांच्यावर आदळला. तो बिचारा वाकून वाकून माफी मागत होता आणि हे "लक्ष नव्हतं" म्हणत धूळ झटकत होते. ताईंनी मात्र त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. इतकी वर्षं इंजिनांजवळ राहून डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. आम्ही कोनबिनीच्या, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं. कानाचं त्यांना फारसं दुःख नव्हतं.

"मोरिता-सान आता मला साखळी देणार नाहीत," ते म्हणाले. "आणि ते बरोबरच आहे. इजा होईल कुणाला."

मोरिता-सान म्हणजे साखळीवाल्यांचे प्रमुख, शाळेतले निवृत्त व्यायामशिक्षक, बोलायला महाकंजूष. पुढच्या रविवारी मीही सोबत गेलो. भाऊजींनी डबा आणि हातमोजे आणले होते, आणि चेहरा असा की जणू कंपनीचं ओळखपत्र परत करायला आलेत. त्यांनी जपानीत पाठ करून आणलेलं वाक्य सुरू केलं. मोरिता-सानांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. पाठी बाहेर, चेहरे आत. भाऊजींना ओठ दिसतील अशा बेताने ते त्यांच्या समोर उभे राहिले आणि सावकाश बोलले.

"त्या कॉलेजच्या मुलांची गोष्ट तुम्ही आम्हाला दर हंगामात सांगता. आम्ही ऐकत होतो."

मग त्यांनी युक्ती मांडली. साखळीला दुसरं टोक असतंच. एक हिसका म्हणजे पुढे सरका, दोन हिसके म्हणजे काठी टाकून मागे व्हा. मोठा आवाज हवा कशाला. फक्त दुसऱ्या टोकाला नजर न हटवणारा माणूस हवा. एवढं बोलून ते माझ्याकडे बघायला लागले. मी खरं तर डब्यासाठी आलो होतो.

तेव्हापासून दर रविवारी एक काठी माझी. मला हा खेळ अजून धड कळत नाही, पण पंचांचा हात आणि ओरडणं मी डोळ्यांत तेल घालून टिपतो. भाऊजी एकदाही चुकलेले नाहीत. एकदा दोन हिसके मिळताच ते इतक्या चपळाईने मागे गेले की गुडघे नवे बसवले की काय असं वाटलं. चालताना मी आता त्यांच्या उजव्या हाताला असतो. इतिहास पूर्वीइतकाच चालू आहे, फक्त माझ्या शंका मला दोनदा विचाराव्या लागतात, आणि तो उजवा कानही एक दिवस बंद होईल हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. त्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

परवा मॅच थांबली होती. खेळाडू पाणी पीत होते, पंच घड्याळाशी खटपट करत होते. हलायचं काही कारण नव्हतं आणि माझ्या हातातल्या काठीला हळूच एक हिसका बसला. मी पाहिलं तर भाऊजी नदीकडे बघत उभे होते. मी दहा यार्ड चालत गेलो, त्यांच्या समोर आलो आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही रे," ते म्हणाले. "तू आहेस ना, तेवढं बघितलं."

मी परत माझ्या जागेवर गेलो आणि एक हिसका दिला.