तोडून बांधलेली चाळीस फूट नाली

गयाबाई गेल्याचं मला कोणी घरी येऊन सांगितलं नाही. मी मोंढ्यात सिमेंटच्या दुकानापुढं बाकड्यावर बसलो होतो. दुकानदार फोनवर कोणाला तरी म्हणाला, "फाटकापलीकडची ती भांडखोर मेंबर वारली म्हणं सकाळी." मी उठलो आणि त्याला सांगितलं, "भांडखोर तुझा बाप. गयाबाई म्हण." माझे गुडघे गेलेले आहेत, पण त्या दिवशी रेल्वे फाटकापर्यंत कुठं थांबलो नाही... त्याला आता महिना होत आला. ओळखीचे एक मास्तर म्हणाले, पेपरात लिहा. मी चौथी शिकलेला. भाषा सुधारायची नाही, या अटीवर लिहितो.

मी मूळचा गवंडी. एक्क्याऐंशी साली खेडं सोडून या गावात आलो, दुसऱ्याच्या हाताखाली दहा वर्षं भिंती बांधल्या आणि मग नगरपालिकेत ठेकेदार म्हणून नाव नोंदवलं, सगळ्यात खालच्या वर्गात. आमच्याकडं टेंडरची एक रीत होती. काम निघालं की सगळे ठेकेदार नगरपालिकेसमोरच्या हॉटेलात बसायचे. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी चहाच्या रिकाम्या ग्लासात टाकायची. ज्याची निघाली त्याचं काम, बाकीच्यांनी त्याच्यापेक्षा चढे भाव भरून नुसतं टेंडर टाकायचं. म्हणजे कागदोपत्री सगळं बराबर. मीही बसलो त्या चहाला, खोटं कशाला सांगू. तीन बार माझी चिठ्ठी निघाली नाही. चौथ्या बारीला मी ग्लास उपडा करून सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या, तर माझ्या नावाची चिठ्ठी त्यात नव्हतीच. त्या दिवसापासून तो चहा सोडला.

मंग फाटकापलीकडच्या वस्तीतल्या नालीचं काम निघालं. बायांसाठी जागा राखीव झाल्या होत्या आणि त्या वस्तीतून गयाबाई नुकतीच निवडून आल्ती. नवरा मोंढ्यात हमाल, ती स्वतः कापूस वेचायला जायची. निवडणुकीत तिनं एकच शब्द दिला होता, उंबऱ्यातलं घाण पाणी काढीन. दरसाल तिथं नाली बांधली जायची आणि दरसाल पावसाळ्यात वाहून जायची, पोरं आजारी पडायची. तिचं सगळं या एका नालीवर होतं. ती टिकली नाही तर परत वस्तीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

टेंडर टाकायचा शेवटचा दिवस. पेटी आतल्या खोलीत, तीन वाजता बंद होणार. दारात त्या ग्लासवाल्या ठेकेदारांचे चौघं उभे. हात लावत नव्हते, शिवी देत नव्हते, नुसते खांद्याला खांदा लावून उभे. मी दोनदा माघारी आलो. ओट्यावर गयाबाई साहेबाची वाट बघत बसली होती. तिनं मला विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती पदर खोचून उठली आणि म्हणाली, "माझ्या मागं मागं या." दारापाशी जाऊन ती त्या चौघांना म्हणाली, "सरका बाबांनो. आंग लागलं तर मंग मी गप बसणार न्हाई, आन तुमच्या बायका बी न्हाई बसणार." वाट मोकळी झाली. माझं टेंडर पेटीत पडलं, भाव सगळ्यात कमी निघाला, काम मला मिळालं. टेंभुर्णीच्या एका लग्नात माझ्याच भाऊबंदांनी पंगतीत टोमणा मारला, पाटलाच्या पोरानं बाईच्या पदराआडून टेंडर टाकलं, तेही त्या वस्तीतल्या. मी म्हणालो, आडून नाही, मागून टाकलं. आणि भात वाढायला लावला.

आता माझी चूक सांगतो. भर उन्हाळ्यात काम सुरू झालं. काँक्रीट ओतल्यावर त्याला आठवडाभर पाणी पाजावं लागतं, नाहीतर वरून घट्ट दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. वस्तीत टँकर एक दिवसाआड यायचा. बाया हंड्यांच्या रांगा लावून भांडायच्या. त्यात मी माझ्या सिमेंटसाठी पाणी कोणत्या तोंडानं मागू? मी ओल्या गोणपाटानं नाली झाकली आणि चार दिवस तशीच सोडली. वरून गिलावा केला की कोण बघतं, असंही मनात आलं होतं. पाचव्या दिवशी गयाबाईनं गोणपाट उचललं आणि एक खिळा नालीच्या काठावरून ओढला. वाळू सुटली. पुढं ओढला, तिथंही सुटली. चाळीस फूट.

ती म्हणाली, तोडा. मी चिडलो. सगळी वस्ती बघून राह्यली होती, माझी माणसं बघून राह्यली होती. मी म्हणालो, "बाई, तुम्हीच मला आत नेलं, आन तुम्हीच मारता?"

"आत नेलं म्हणूनच," ती म्हणाली. "दुसऱ्याचं असतं तर मला बोलायला तोंड होतं. तुमचं बिघडलं तर माझं तोंड बंद."

मी पाण्याचं कारण सांगितलं. प्यायला पाणी नाही तिथं सिमेंटवर कसं ओतू... तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझी लाज वाटली. "ते आमाला इचारायचं होतं, बापूराव. आमचं पाणी, आमची नाली. तुम्ही कोण ठरवणारे?"

मी स्वतः पहार घेतली. माणसांना हात लावू दिला नाही. चाळीस फूट तोडलं आणि परत ओतलं, माझ्या खर्चानं. त्या संध्याकाळपासून प्रत्येक घरातून एकेक बाई यायची. कोणी धुण्याचं शेवटचं निवळ पाणी आणायचं, कोणी भाजी धुतलेलं. एक म्हातारी तांब्याभर घेऊन यायची आणि एकाच जागी ओतायची, तिच्या दारासमोर. गयाबाई गोणपाटावर हात ठेवून ओल बघायची. सात दिवस कोरडं पडू दिलं नाही.

बिल मंजुरीला सभेपुढं आलं तेव्हा ग्लासवाल्यांच्या मेंबरांनी बरोबर डाव टाकला. काम निकृष्ट होतं, तोडावं लागलं, म्हणून बापूरावांचं नाव काळ्या यादीत टाका. मी मागं लोकांच्या बाकावर बसलो होतो. वाटलं, संपलं. गयाबाई उभी राहिली. पहिल्यांदाच सभेत बोलत होती.

"तोडायला मी लावलं. बांधलं यांनी, आपल्या पैशानं. हितं कोणाच्या ठेकेदारानं आपलं काम तोडून परत बांधलं असंल तर त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. बिल मंजूर झालं. पावसाळा आला, पाणी नालीतून गेलं, उंबरा कोरडा राहिला.

पुढच्या निवडणुकीत ती पडली. पाडली म्हणा. दुसरं कोणी घरी बसलं असतं. ती दर सभेला लोकांच्या बाकावर येऊन बसायची. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून मेंबर असतानाही तिची एक सवय होती. अध्यक्ष म्हणायचे, विषय एक ते नऊ, मंजूर. ती म्हणायची, वाचा. मला वाचता येत नाही, वाचून दाखवा. मेंबर हसायचे. हरल्यावरही बाकावरून तेच म्हणायची. तेव्हा मात्र ते तिला बाहेर काढायचे, आणि ती पुढच्या सभेला परत.

ती गेल्यावरच्या सभेला मी गेलो. दुखवट्याचा ठराव झाला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. बसता बसता अध्यक्ष म्हणाले, विषय एक ते अकरा, मंजूर. मी लोकांच्या बाकापाशी, तिच्या जागेवर उभा होतो. बसलोच नाही. म्हणालो, "वाचा."

अध्यक्ष म्हणाले, बापूराव, तुम्ही मेंबर नाहीत, आणि तुम्हाला वाचता येतं. मी म्हणालो, "मला येतं. तुम्हाला येतं का ते बघायचंय." शिपाई माझ्याजवळ आला. जुना माणूस, गयाबाईला त्यानंच कितीदा दारापर्यंत नेलं होतं. त्यानं माझ्या दंडाला हात लावला, आणि काढून घेतला. बाजूला उभा राहिला.

कारकुनानं अध्यक्षांकडं बघितलं, मग कागदाकडं, आणि वाचायला लागला. सातव्या, रस्ता बांधायच्या विषयाला एक नवी मेंबर, पोरसवदा बाई, हळूच म्हणाली, "पण हा रस्ता तर मागच्या साली झालाय ना?"

कारकुनानं कागद खाली ठेवला.

मी म्हणालो, "पुढं वाचा."