नववं घर

आमच्या कंपनीत घरी वापरायची रक्तदाबाची यंत्रं बनतात, आणि ती बनवणाऱ्या गटाचा मी प्रमुख. आमच्याकडच्या एका बाईंना पाहणीबाई हे नाव मीच ठेवलं. पूर्वी अकरा वर्षं त्या नर्स होत्या. इथं त्यांचं काम म्हणजे यंत्र घेतलेल्यांच्या घरी जाऊन बसणं. कोपऱ्यातली खुर्ची धरायची, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, पेन्सिलीनं लिहीत राहायचं. परत आल्या की अहवाल. त्यात घरांना फक्त नंबर. कुणाचं नाव सांगणार नाही, असा शब्द त्या प्रत्येक दारात द्यायच्या आणि पाळायच्या.

तो अहवाल वाचतो कोण? आमचं संशोधन आम्ही करत होतोच की. एकदा चला माझ्याबरोबर, असं त्या सगळ्यांना म्हणायच्या. कुणाला वेळ नसायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, की चौदापैकी दहा घरांत म्हातारी माणसं मुलांना फोनवर आकडा कमी करून सांगतात. तो यंत्रातूनच थेट मुलांच्या फोनवर जायला हवा. मी म्हटलं, स्वतःच्या प्रेशरबद्दल कोण खोटं बोलेल? चौदा घरांवरून यंत्र बदलायचं, तर मग लिफ्टवाल्यालाही विचारून घेऊ. सगळे हसले. बाईंनी कागद गोळा केले आणि पुढच्या आठवड्यात कुठल्या तरी नव्या घरी जाऊन बसल्या. या बाईला राग कसा येत नाही, याचाच मला राग यायचा.

माझी आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. नवं यंत्र निघालं, तेव्हा पहिलं तिलाच नेऊन दिलं होतं. दर रविवारी मी फोन करायचो, ती आकडा सांगायची. एकशे तीस, कधी एकशे अठ्ठावीस. मी खूश. यंदा मार्चमध्ये ती स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चार दिवसांनी गेली.

घर आवरताना यंत्र हाती आलं. मागचे आकडे त्यात साठून राहतात, ती सोय आमच्याच गटाची. एकशे ब्याऐंशी. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे नव्वद. सगळे रविवारचे. मी यंत्र बॅगेत टाकलं आणि भांडी बांधायला घेतली. रडू आलं नाही. अजून येत नाही.

कामावर परतल्यावर बाईंकडून तो जुना अहवाल मागून घेतला. एकेक घर वाचत गेलो. नववं घर : वय एकाहत्तर, एकट्या राहतात. आकडा पन्नास-साठनं कमी करून सांगतात. म्हणतात, यंत्र दिल्यापासून मुलगा निवांत झालाय, त्याच्या जिवाला कशाला घोर.

मी तसाच उठून त्यांच्या टेबलाशी गेलो. "तुम्हाला माहीत होतं, ती माझी आई आहे?"

"हो."

"मग मला सांगायचं होतं ना."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्यांना शब्द दिला होता. डॉक्टरकडे जा, मुलाला सांगा, म्हणून खूप विनवलं. नाहीच म्हणाल्या. मग मीटिंग संपल्यावर तुमच्याकडे आले होते. म्हटलं होतं, बाकीचं राहू द्या, नववं घर तेवढं वाचा."

आल्या होत्या खऱ्या. मी जेवायला निघालो होतो. एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात फोन. त्यांनी अहवाल पुढे केला, तो घ्यायला हात मोकळा नव्हता. "बघतो," म्हणालो होतो.