सतरा नंबरचा गुण्या

माझ्या सरांनी मला फसवलं. लोखंडाच्या दोन पट्ट्यांवरून फसवलं, आणि मला ते कळायला पंधरा वर्षं लागली.

मांजरीहून दोन बस बदलून मी कारखान्याच्या शिकाऊ वर्गात फिटरचं काम शिकायला जायचो. घरी ऊस, मंडईत भाव करायची लहानपणापासून सवय. लोखंड भाव करत नाही हे ठाऊक नव्हतं. सर नारायण पेठेतले. पोरांनाही 'आपण' म्हणायचे, आणि ते 'आपण' ऐकलं की आज कोणाची तरी धडगत नाही हे समजायचं.

पण काय दिवस होते! लोखंड पकडायचे वीस व्हाइस, वीस पोरं, वीस कानशी. सकाळी सगळ्या एकदम चालू झाल्या की जमिनीतून पायात गुदगुल्या यायच्या. पहिल्याच आठवड्यात मी घासलेल्या जागेवरून कौतुकानं तळवा फिरवला. हाताचा घाम लागला की कानस नुसती घसरते, कापत नाही. सरांनी लांबून पाहिलं.

"आपण म्हैस थोपटताय का? झालं असेल तर पुन्हा घासा."

पहिलं मोठं काम म्हणजे प्रत्येकानं स्वतःचा गुण्या करायचा. दोन पट्ट्या काटकोनात बसवायच्या, आपला नंबर ठोकायचा आणि सरांपुढे ठेवायचा. माझा नंबर सतरा. सर गुण्या पट्टीच्या कडेला लावून एक रेघ ओढत, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी. दोन्ही रेघा एक झाल्या तर पास, फाकल्या तर नापास. हे सगळं ते आमच्याकडे पाठ करून करायचे. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"नापास. कोन केसभर उघडा आहे."

"सर, केसभरच ना? अर्धा केस तुम्ही सोडा, अर्धा मी घासतो."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "केस आपण डोक्यावर ठेवा, लोखंडावर नको," म्हणाले आणि गुण्या खणात टाकला. नापास माल भंगारात जायचा. मी कानस आपटली आणि तडक गेटपर्यंत गेलो. बस तासाभरानं होती, म्हणून परत आलो.

दुसराही नापास. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे चिंध्यांचा चेंडू करून क्रिकेट खेळायचे आणि मी आत घासत बसायचो. शिव्या देत घासायचो. पण तिसऱ्याच्या वेळी गंमत झाली. गुण्या सरळ पट्टीला टेकवून खिडकीपुढे धरला की फटीतून कुठे उजेड येतो ते मला दिसायला लागलं, आणि हात आपोआप तिथेच जायला लागला. तो पास झाला. कारखान्याचं सगळ्यात बारीक काम चालतं त्या टूलरूमला वर्गातून एकच जण गेला, तो मी.

घरी आईनं गुण्याला हळदकुंकू वाहिलं. वडिलांनी तो गोठ्याच्या दाराला लावून पाहिला आणि जाहीर केलं, "दार वाकडं हाय." दार त्यांनीच बसवलं होतं. आम्ही पोट धरून हसलो.

आता माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. "हात थरथरतात. हत्यारांची पेटी घेऊन जा."

गेलो. काकूंनी चहा ठेवला. पेटीच्या तळाशी तेलकट फडक्यात एक गुण्या निघाला. कडा वापरून चकचकीत, आणि त्यावर ठोकलेला सतरा. माझा पहिला. पेटीतलीच पट्टी घेऊन मी तिथेच रेघ ओढली, गुण्या उलटा केला, दुसरी ओढली. दोन्ही मिळून रेघ एकच!

"सर, हा बरोबर आहे!"

"त्या दिवशीही होता."

मी असा ओरडलो की काकू धावत आल्या. "अहो, चहा सांडेल! ते दुसऱ्या कुठल्या गुण्याला हात लावत नाहीत. कारखान्यातही हाच, घरातही हाच."

सर 'आपण' सोडून शांतपणे म्हणाले, "पहिलाच पास केला असता, तर तू तिसरा केला असतास का?"

"मग हे तेव्हाच सांगायचं! मी घासाघीस केली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

पेटी मी रिक्षात ठेवली. गुण्या उचलायला वळलो, तर तो त्यांच्या खिशात. "पेटी ने. हा राहू दे."

म्हणजे दुसऱ्यांदा फसवलं. त्या दिवशी रिक्षात मी स्वारगेटपर्यंत एकटाच हसत होतो, हे खरं. पण म्हणून हिशेब सुटला असं कुणी समजू नये. सर, येत्या सोमवारी सतरा नंबर घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये या. माझ्या सहा माणसांसमोर दोन रेघा ओढा, या वेळी पाठ करून नाही, आमच्याकडे तोंड करून. आणि मोठ्यानं सांगा: तो बरोबर होता की नव्हता, आणि तो कोणाचा आहे?